अखेरच्या पानाचे अक्षर



प्राथमिक शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाची वही उघडून पाहावी. जूनमधील पहिली पाने देखणी असतात. बाहेर तपकिरी कागदाचे वेष्टण, त्यावर नावाची चिठ्ठी, आत समास आखलेला, तारीख घातलेली, अक्षर ओळीवर बसलेले. दिवाळीनंतर समास नाहीसा होतो. स्नेहसंमेलन आटोपले की तारीख जाते. आणि मार्चमधील पानावर अक्षर ओळ सोडून असे धावत सुटते, की लिहिणारे मूल तेच का, अशी शंका यावी. अनेक वह्यांची शेवटची वीस-पंचवीस पाने तर कोरीच राहतात. ती पुढे किराण्याच्या यादीला उपयोगी पडतात.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. बोरू, शाई, कागद यांपासून अक्षराच्या वाटोळेपणापर्यंत बारीकसारीक गोष्टी त्यात येतात. राष्ट्रकारणाचा विचार करणारा हा पुरुष ओळींमधील अंतरासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीतही लक्ष घालतो, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः त्यात नवल काहीच नाही. त्या समासातील एक अपेक्षा आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ग्रंथ कितीही मोठा असो, आरंभीचे अक्षर आणि समाप्तीचे अक्षर यांत फरक दिसू नये, सारे एकाच टाकाने लिहिले असावे असे वाचणाऱ्याला वाटावे, असे समर्थांना अभिप्रेत आहे.

ही अपेक्षा ग्रंथ लिहिणाऱ्याकडून होती, आठ वर्षांच्या बालकाकडून नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु बालकाचे अक्षर मार्चमध्ये का बिघडते, याचा विचार मोठ्यांनीच करावयाचा असतो. ते बिघडते, कारण ती वही पाहणारे डोळे डिसेंबरनंतर तिच्यावरून उठलेले असतात. गुरुजी निकालपत्रके, माहितीचे तक्ते आणि वरून येणारी नाना कामे यांत गुंतलेले. आई-वडील कुठे परीक्षेच्या, तर कुठे मजुरीच्या चिंतेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंतचे हे अडीच महिने मोठे चमत्कारिक असतात. शाळा चालू असते, पण वर्ष मात्र मनाने संपलेले असते.

हिंदू परंपरेत अध्ययनाचे वर्ष आरंभण्याचा जसा विधी होता, तसा ते विधिपूर्वक आवरण्याचाही होता. श्रावणात उपाकर्म होई आणि पौषात किंवा माघाच्या आरंभी उत्सर्जन. मनुस्मृतीने मधला काळ साडेचार महिन्यांचा सांगितला आहे. आज श्रावणीच्या दिवशी दोन्ही कर्मे एकाच बैठकीत उरकली जातात, त्यामुळे उत्सर्जन हा शब्द संकल्पात उच्चारण्यापुरता उरला. मूळ योजना पाहिली तर उत्सर्जनानंतर विद्यार्थी मोकाट सुटत नसे. शुक्ल पक्षात वेद आणि कृष्ण पक्षात वेदांगे, अशी पुढची आखणी सांगितलेली आहे. नवा पाठ घेणे थांबले, तरी घेतलेला पाठ मुरवण्याचे काम चालूच राही. आजच्या शाळेत पहिला भाग होतो, दुसरा हरवतो. फेब्रुवारीत पुस्तक ‘संपते’. पुस्तक संपले म्हणजे मुलाला ते आले, असा एक सोयीस्कर समज शाळेत, घरात आणि सरकारी कचेरीत सारखाच रुजलेला आहे.

शासनाच्याही हे ध्यानात आलेले दिसते. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात सर्व शाळांत एकाच वेळापत्रकाने घेण्याचे ठरविले. परीक्षा आधीच उरकायची आणि एप्रिलभर वर्ग ओस पडू द्यायचे, ही रीत मोडावी, हा त्यामागील हेतू. विदर्भातून उन्हाचा प्रश्न पुढे आला, आणि तो खोटा नव्हता. पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुसरीचे मूल बसवणे म्हणजे काय, हे पुण्यात वेळापत्रक आखणाऱ्याने एकदा चंद्रपूरला जाऊन अनुभवावे. पण तो वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. परीक्षा पंधरा दिवस पुढे गेली म्हणून शिक्षण पंधरा दिवस वाढत नाही. ते वाढायचे, तर त्या पंधरा दिवसांत मुलाजवळ कोणीतरी बसावे लागते.

कोण बसणार? सुखवस्तू घरात आई बसते, आजोबा बसतात, निदान शिकवणीचे शुल्क तरी भरले जाते. सेवावस्तीतील आणि दूरच्या पाड्यावरील मुलाचा मार्च निराळा असतो. शिमग्यापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पाठोपाठ लग्नसराई येते आणि घर आठ-आठ दिवस बाहेरगावी असते. गडचिरोलीकडे मोहफुले वेचायला पहाटे सारे घर रानात जाते, त्यात लहान हातही असतात. वीटभट्टीवरचे काम याच दिवसांत जोरात असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तर सारे वर्षच उलटे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडांवर राहतात आणि कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी. परंतु कार्ड पेटीच्या तळाशी राहते आणि मूल पाचटावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसते. एप्रिलमध्ये ते गावच्या शाळेत येते ते थेट परीक्षेलाच. गुरुजी दयाळूपणाने बसू देतात. पेपर होतो. मूल पुढच्या वर्गात जाते.

या पुढे जाण्याबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले जाते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नये असे ठरले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा व गरज पडल्यास पुनर्परीक्षा आणली. कोणी म्हणते, नापासाची भीती गेल्याने शिक्षण बुडाले. कोणी म्हणते, नापासाचा शिक्का बसलेली मुले शाळाच सोडत असत. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींत एक पळवाटही आहे. मागे ठेवल्याने मूल वाचायला शिकत नाही आणि पुढे ढकलल्यानेही शिकत नाही. ते शिकते कोणीतरी शिकवल्याने.

देशाच्या ग्रामीण भागातील मुलांची वाचन-गणिताची पाहणी ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून करीत आली आहे. ‘असर’ नावाने तो अहवाल ओळखला जातो. २०२४ च्या अहवालानुसार, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा साधा उतारा वाचू शकणारी मुले सुमारे तेवीस होती. २०२२ मध्ये, म्हणजे महामारीनंतर, ती सोळाच्या आसपास होती. तेव्हा सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे. पण पाचवीत पोचलेल्या मुलांतही हा दुसरीचा उतारा वाचणारी निम्म्याहून कमीच निघाली. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले आणि ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, असे त्याचे ध्येय. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थ समजून, हे त्यातील माप आहे.

मिनिटाला साठ शब्द हे ऐकायला यांत्रिक वाटते, पण त्यामागे एक साधे कारण आहे. जे मूल ‘स्वातंत्र्य’ हा शब्द स, व, आ, तं असा चाचपडत वाचते, त्याला त्या शब्दाच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही. वाक्याचा शेवट येईस्तोवर वाक्य हरवते. मग उतारा ‘वाचून’ त्याला काहीच कळलेले नसते. त्याचा दोष बुद्धीचा नसतो, वेगाचा असतो, आणि वेग हा केवळ सरावाचा भाग आहे. मराठी लिपी तशी उच्चाराशी इमान राखणारी आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार एकदा बसले की मूल झपाट्याने पुढे सरकते, आणि अडते ते जोडाक्षरांपाशी व रफारापाशी. वर्गात चाळीस मुलांमध्ये ‘पूर्व’ आणि ‘प्रकाश’ यांतील दोन निरनिराळे ‘र’ प्रत्येकाला हाताला धरून दाखवणे शिक्षकाला कसे शक्य व्हावे? दहा मिनिटांत, एकास एक बसून, ते सहज शक्य होते.

येथेच या अडीच महिन्यांचे महत्त्व आहे. जूनमध्ये अक्षरे शिकलेले मूल जानेवारीपर्यंत शब्दांशी झटापट करीत असते. वाचन पिकायचे दिवस नेमके फेब्रुवारी ते एप्रिल. पिकत आलेले शेत कोणी शेतकरी सोडून जात नाही. पण शाळकरी मुलाला नेमके तेव्हाच सोडले जाते, आणि त्यापुढे दीड महिन्याची उन्हाळी सुट्टी असते. अर्धवट आलेले वाचन सुट्टीत टिकत नाही. चौथीच्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा आजही चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल दुसऱ्या गावी, मोठ्या शाळेत, अनोळखी शिक्षकांपुढे जाते. तिथे त्याला वाचता येत नाही हे पहिल्या आठवड्यात उघड होते आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते मागच्या बाकावर सरकते. पुढे सातवी-आठवीत जी गळती म्हणून मोजली जाते, तिची सुरुवात त्या चौथीच्या एप्रिलमध्ये झालेली असते.

तेव्हा अभ्यासिकेने या काळात काय करावे? प्रथम एक गोष्ट टाळावी. परीक्षा जवळ आली म्हणून प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्याचा मोह कार्यकर्त्याला होतो. त्यात उत्साहही असतो आणि मुलाला चार गुण मिळाल्याचे समाधानही. पण न वाचता येणारे मूल ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ पाठ करते, तेव्हा ते चित्र काढावे तशी अक्षरे काढीत असते.

त्याऐवजी पहिल्या दिवशी मुलापुढे त्याच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचे बालभारतीचे पुस्तक ठेवावे आणि वाचू द्यावे. जिथे ते सलग अडखळू लागेल, तिथे थांबावे. त्या दिवसाची तारीख आणि पृष्ठक्रमांक एवढेच कार्यकर्त्याने आपल्या वहीत टिपावे. गुण नाहीत, शेरा नाही. मग तेच पान तीन दिवस वाचावे. पहिल्या दिवशी कार्यकर्ता वाचतो आणि मूल बोट ठेवून पाहते, दुसऱ्या दिवशी दोघे मिळून, तिसऱ्या दिवशी मूल एकटे. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज आपोआप मोठा होतो. एका कार्यकर्त्याकडे पाचच मुले असावीत. पंचवीस मुलांची अभ्यासिका दिसायला भव्य दिसते, पण तिच्यातून वर्गच पुन्हा उभा राहतो.

चौथीच्या मुलापुढे दुसरीचे पुस्तक ठेवले की त्याची मान खाली जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. विशेषतः धाकटी बहीण शेजारी बसली असेल तर. यावर एक उपाय जुन्या शिक्षकांना ठाऊक असतो. त्या मुलाला पहिलीतल्या दोघांना गोष्ट वाचून दाखवण्याचे काम द्यावे. लहानांना वाचून दाखवायचे, म्हणून सोपे पुस्तक. त्यात कमीपणा कसला? उद्या वाचून दाखवायचे म्हणून तो आज तयारी करतो. मान शाबूत राहते आणि वाचनही होते.

शुद्धलेखनाच्या रोज पाचच ओळी असाव्यात. तपासताना पहिली ओळ आणि पाचवी ओळ तेवढी शेजारी-शेजारी पाहावी. पाचवी पहिलीसारखी उतरली असेल तर शाबासकी, नसेल तर उद्या चारच ओळी. ओळी वाढवू नयेत. समर्थांचा तो समास मोठ्यांनी यासाठी एकदा वाचून ठेवायला हरकत नाही.

गणिताचे दुखणे बहुतेक वेळा दोन जागी असते, हातच्याच्या वजाबाकीत आणि संख्यावाचनात. मराठी संख्या एकक आधी बोलते आणि दशक नंतर. ‘सत्तावीस’ ऐकून मूल ७२ लिहिते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी फोड आली, तेव्हा महाराष्ट्रभर टीका आणि थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी आज मुले ‘सत्तावीस’ म्हणतात, की ‘ट्वेंटी सेव्हन’, हाही प्रश्न विचारायला हवा होता. ज्या आजीला पावकी, निमकी, दीडकी अजून मुखोद्गत आहे, तिने संध्याकाळी नातवंडाला घेऊन बसावे. पुस्तकातील फोडीवर रुसण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे. वाणसामान आणायला मुलाला पाठवावे, शंभराची नोट द्यावी, आणि परत आलेले पैसे कुणी न सांगता त्याला मोजू द्यावेत.

वाचायला घरात पुस्तके नाहीत, ही सबब लग्नसराईत तर मुळीच चालणार नाही. गरिबातल्या गरीब घरातही चार पत्रिका आलेल्या असतात. त्यांत ‘श्री गणेशाय नमः’ पासून ‘व्यवस्थापक’ आणि ‘निमंत्रक’ पर्यंत जोडाक्षरांची लयलूट असते, शिवाय त्यातील नावे मुलाच्या ओळखीची असतात. भिंतीवरचे कॅलेंडर, एस.टी.ची पाटी, रेशन दुकानाचा फलक, हे सारे वाचनपाठच आहेत.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून वर्गात येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी मुलांना दूषण दिले नाही. कुरणातच शाळा भरवली. तिला कुरणशाळा असे साधे नाव होते. मोहाच्या दिवसांत गडचिरोलीत किंवा फडावर कोल्हापुरात अभ्यासिका भरवायची, तर आदर्श बाहेरून आणण्याची गरज नाही. फडावर संध्याकाळी खोपीसमोर पाऊण तास आणि सोबत ते हमी कार्ड शोधून जवळच्या शाळेत नेऊन देणारा एक तरुण, इतक्याने सुरुवात होते.

१९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशु मंदिर सुरू झाले. त्या परंपरेतील शाळांत आचार्यांनी विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याची रीत आहे. गृहसंपर्क हा शब्द कार्यकर्त्यांच्या कानांवरून रोज जातो. तो संपर्क या काळात करायचा, तर फेब्रुवारीच्या अखेरीस एकदा आणि परीक्षेपूर्वी एकदा असा किमान दोनदा व्हावा. गेल्यावर उपदेश करू नये. मुलाला घरच्यांसमोर एक पान वाचायला सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. स्वतः शाळेत न गेलेल्या आईने आपल्या मुलीला मोठ्याने वाचताना ऐकले, की दुसऱ्या दिवशी ती मुलीला धाकट्यासाठी घरी ठेवून घेताना दहादा विचार करते. हे काम कुठल्याही परिपत्रकाने होत नाही. लग्नाला जायचेच असेल तर मुलीला आठ दिवसांऐवजी दोन दिवस न्या, एवढेच मागावे. अगदी नेऊ नका म्हटले तर कोणी ऐकणार नाही.

आता थोडे मध्यमवर्गीय घराविषयी, कारण सभागृहात तेच अधिक आहेत. तिथे मूल एकटे पडत नाही, उलट त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली होती. ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला आणि लगोलग घरोघर शिकवण्यांची चौकशी सुरू झाली. परीक्षा चांगलीच आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला शाळा, तिच्यानंतर शिकवणी, तिच्यानंतर सराव प्रश्नसंच, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर इतरांच्या मुलांचे गुण, असे चारही बाजूंनी घेरले, तर मार्चमध्ये ते परीक्षेला बसते खरे, पण पुस्तक मिटायची वाट पाहत बसते. परीक्षा संपताच वह्या माळ्यावर फेकणारे मूल आणि मोहाच्या रानात गेलेले मूल, दोघेही पुस्तकापासून सारखेच दूर गेलेले असतात.

या घरांत करावयाच्या गोष्टी फार थोड्या आहेत, पण त्या मोठ्यांना जड जातात. मार्चपासून पुष्कळ ठिकाणी सकाळची शाळा सुरू होते आणि त्याच सुमारास क्रिकेटचे रात्रीचे सामने. साडेसातला सुरू झालेला सामना अकरा वाजून गेल्यावर संपतो, आणि सातच्या शाळेसाठी मुलाला सहाला ओढून उठवले जाते. दूध अर्धे टाकून ते निघते. तिसऱ्या तासाला त्याला पेंग येते आणि ‘लक्ष देत नाही’ असा निरोप घरी येतो. वडिलांनी सामना पाहू नये असे कोण म्हणेल? पण दूरदर्शनसंच मुलाच्या अंथरुणाच्या खोलीत आहे का, एवढे पाहता येते. रात्रीचे वीस मिनिटांचे मोठ्याने वाचन, त्यात आई-वडिलांपैकी एकजण शेजारी, हातात भ्रमणध्वनी नाही, एवढी एक सवय या अडीच महिन्यांत लागली तरी खूप झाले. आणि वहीची ती शेवटची कोरी पाने! एप्रिलमध्ये त्यांवर मुलाला हवे ते लिहू द्यावे, आजोळच्या पत्राचा मसुदा, क्रिकेटचे संघ, मांजरीची हकिगत. वही भरून संपवण्यात एक निराळाच आनंद असतो, तो फार थोड्या मुलांना मिळतो.

कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांत ही दोन चित्रे एकमेकांसमोर यावीत. ज्या घरातील आजोबा निवृत्त शिक्षक आहेत आणि ज्यांचा नातू आता शिकवणीला जातो, त्यांना संध्याकाळी पाच ते सहा हा तास रिकामा असतो. त्यांच्या घरापासून सेवावस्ती बहुधा दहा मिनिटांच्या अंतरावर असते. नातवालाही सोबत न्यावे. पाचांच्या गटात तो सहावा म्हणून बसेल. तो तिथे शिकवायला आलेला नाही, हे मात्र त्याला घरूनच सांगून न्यावे.

१ मे रोजी निकाल लागतो. त्या दिवशी कार्यकर्त्याने प्रगतिपुस्तकातील श्रेणी विचारण्याआधी आपली वही काढावी, फेब्रुवारीतील पृष्ठक्रमांक पाहावा आणि मुलाला आज कुठपर्यंत वाचता येते ते त्याच्यासमोर लिहावे. मुलाला दोन्ही आकडे कळतात. सुट्टीत काही मुले गावी जातील, काही इथेच उन्हात हिंडतील. जी राहतील त्यांच्यासाठी सकाळी आठ ते नऊ अभ्यासिका उघडी असली, तर जूनमध्ये पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करावी लागणार नाही. त्यासाठी मे महिन्यात अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे राहील आणि ती उघडायला रोज कोण येईल, हे एप्रिलच्या पहिल्या बैठकीतच नावानिशी ठरवून ठेवावे.